बारव बाहेर बसली

आमचं गाव हललं होतं, पण मसणवाटा हलला नव्हता. गावाची सगळी हकीकत तशी एवढीच. पण ती कळायला मला माझी सख्खी बहीण घालवावी लागली, म्हणून जरा सावकाश सांगते.

मी लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा इंग्रजी अंमल चांगला मुरलेला होता. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि गावातली निम्मी तरणी माणसं त्या भोंग्यामागं गेली होती. आमच्या घरातलेही दोघं, माझे मालक आणि धाकटे दीर, गिरणीतच होते. सणावाराला यायचे, पुरणपोळी खायचे आणि आम्ही नीट तोंड बघेपर्यंत परत जायचे. घर गुरवाचं. महादेवाची पूजा, सांजेचा नगारा, घरोघरी बेल आणि पत्रावळी पोचवणं हे आमचं काम. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यामुळे सासऱ्यांकडे देऊळ आणि माझ्याकडे गाव अशी वाटणी झाली. इतर घरांतल्या सुनांना आपल्या आळीपलीकडचं काही ठाऊक नसायचं. मी मात्र टोपली डोक्यावर घेऊन पाटलाच्या गढीपासून साळ्यांच्या बोळापर्यंत सगळीकडे फिरले. कुणाच्या घरात काय शिजतं आणि कुणाच्या घरात नुसताच धूर निघतो, हे मला वासावरून कळायचं.

गाव कसं वसलं ते सासरे सांगायचे. पत्रावळी लावताना त्यांचे हात चालू असायचे आणि तोंडही. जुनं गाव ओढ्याच्या वरच्या अंगाला, माळाच्या पायथ्याशी होतं. एका मोठ्या दुष्काळात ते ओस पडलं. जी माणसं जगून वाचून परत आली ती वर गेलीच नाहीत, खालीच थांबली. कारण खाली कुणा जुन्या सरदाराने बांधलेली बारव होती आणि त्या दुष्काळातही ती आटली नव्हती. चौकोनी, दगडी, पाण्यापर्यंत पायऱ्या असलेली. तिच्या कडेला महादेवाचं देऊळ. त्या देवळाला पाठ टेकून नवीन वस्ती उभी राहिली. पेंढाऱ्यांच्या भयाने तिच्याभोवती मातीचं गावकूस घातलं गेलं, दोन वेशी झाल्या. मग इंग्रज आले. पेंढारी गेले. इंग्रजांनी बुरुजावरची गंजकी तोफ उचलून नेली, साखळ्या टाकून शेतं मोजली, शिवेवर दगड रोवले. कुसाचं आता काय काम, म्हणून लोकांनी त्याची पांढरी माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून टाकली. मी आले तेव्हा त्या जागी कमरेएवढा ढिगारा उरला होता, आणि त्यावरून शेरडंसुद्धा उडी मारून जायची. पण त्या ढिगाऱ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, ते मात्र पहिल्यासारखंच पक्कं होतं.

महारवाडा बाहेर होता, ओढ्याच्या वेशीपलीकडे, सगळ्यात खालच्या अंगाला. गावातून वाहणारं सगळं तिकडे जायचं. गावातल्या इतर आडांचं पाणी मचूळ, डाळ शिजत नसे. म्हणून प्यायला सगळं गाव बारवेवर. महारवाड्यातल्या बायकाही प्यायच्या पाण्यासाठी तिथंच यायच्या, पण त्यांनी पायरी उतरायची नव्हती. वर कठड्यापाशी मडकी मांडून बसायचं आणि गावातली कुणी बाई वाढेल तेव्हा घ्यायचं. एक म्हातारी रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. तिला दम्याचा त्रास होता. तिचा घरघर श्वास आमच्या मागच्या दाराशी ऐकू यायचा, कारण आमचं मागचं दार थेट बारवेवर उघडायचं.

आणि मसणवाटा? तो जुन्या गावाच्या खालच्या अंगाला होता, शहाण्या माणसांनी ठेवावा तसा. नवीन गाव त्याच्याही खाली वसलं. वाडवडील जिथं जळले ती जागा कोण हलवणार? तेव्हा मढी ओढ्याने वर न्यायची आणि आंघोळी करून, कपडे धुऊन खाली यायचं, असं चालत आलं होतं. त्यात काही चुकतंय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

माझी धाकटी बहीण माझ्या मागोमाग दोन-तीन वर्षांनी त्याच घरात आली, धाकट्या दिरांना दिली म्हणून. आमचं माहेर अक्कलकोटकडे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि बहीण मला अक्का म्हणायची. ती आली आणि त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल ती इतकी हुबेहूब करायची की एकदा ते स्वतःच दारातून ऐकत उभे राहिले आणि निघून गेले. पण सोवळ्याओवळ्यात ती माझ्या वरताण होती. महारवाड्यातल्या बायकांना पाणी वाढताना घागर एवढी उंच धरायची की निम्मं पाणी बाहेर सांडायचं. मी म्हणायचे, "अगं, तुला काय अंगावर पाल पडणार हाय का?" ती म्हणायची, "शिंतोडा उडला तर मला पुन्यांदा न्हावं लागतंय. तू आणून देतीस का पाणी?"

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीचा उन्हाळा. बहिणीला पहिलंच होतं आणि दिवस भरत आले होते. अव्वाने तिला बाळंतपणाला न्यायला गाडी पाठवायची ठरवली होती. तेवढ्यात जत्रेहून आलेल्या एका घरात पटकी लागली. तिचं नाव घ्यायचं नसतं, 'बाई आलीय' एवढंच म्हणायचं. आधी ते घर गेलं, मग शेजारचं. आजूबाजूच्या गावांनी रस्त्यांवर काटे टाकले, आमच्या गावची गाडी येऊ द्यायची नाही म्हणून. अव्वाचा निरोप आला की हे ओसरलं की लगेच गाडी येते, तोवर पोरीला सांभाळ. मला त्या उन्हाळ्यात ते एकच काम होतं. बहिणीला धडधाकट अव्वाच्या गाडीत बसवायचं.

तेव्हा तालुक्याहून औषधवाला आला. सायकल, खाकी कोट, हँडलला अडकवलेला डबा. त्याने बारवेत उतरून डब्यातले काळपट खडे पाण्यात सोडले आणि बघता बघता सगळी बारव जांभळट लाल झाली. तो वर येऊन म्हणाला, "आजचा दिवस थांबा आणि उद्यापासून फक्त हेच पाणी प्या. ओढ्याचं पिऊ नका." पण ऐकायला कोण होतं? सगळं गाव कठड्यावर वाकून पाणी बघत होतं.

बारवेत साती आसरा राहतात हे आम्हाला देव आहे इतकं पक्कं माहीत होतं. सात बहिणी, सातही बायका. एक म्हातारी पाटलीण हळूच म्हणाली, "अगं बाई, आसरांना इटाळ आला." बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांनी सासऱ्यांकडे बघितलं, कारण देवाच्या पाण्याचा निवाडा गुरवाचा. सासरे पहिल्या पायरीवर उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "बारव बाहेर बसलीय. तिची ती न्हाईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाय."

औषधवाला हसला. तिथंच त्याचं बिनसलं. मग त्याने हात जोडले, ओरडला, हे औषध आहे हो, औषध आहे, म्हणाला. त्याचं औषध खोटं आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. औषधाने आसरांना विटाळ आला, एवढंच म्हणणं होतं. आणि विटाळशी बाईला कुणी शिवत नाही, तिच्या हातचं पाणी पीत नाही. आमच्या दृष्टीने ह्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

सासऱ्यांनी त्याच दिवशी ओढ्याच्या वाळूत झरा उकरला आणि सगळ्यांसमोर पहिली ओंजळ स्वतः प्याले. ते दुष्ट असते तर मला हे सांगायला सोपं गेलं असतं. पण ते स्वतः प्याले.

मी त्यांना विचारलं, "मामा, रंग उतरला म्हंजे न्हाली म्हणायची का?"

"व्हय. मग शिवरात्रीसारखी पूजा करू आन् उघडू."

रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरत आला. मी मनात अव्वाची गाडीसुद्धा जुंपली. पण आपलं औषध फिकं झालं म्हणून तो सायकलवाला पुन्हा आला आणि त्याने पुन्हा खडे टाकले. मग पुन्हा. तो आपलं काम इमानाने करत होता, आणि तो आला की बारव नव्याने बाहेर बसायची. एरवी मी ह्या गोष्टीवर पोट धरून हसले असते.

बहिणीला दिवसांमुळे नाकाला सगळं तिखट लागत होतं. झऱ्याचं पाणी तोंडाशी नेलं की ती मान फिरवायची. "अक्का, राखेचा वास येतोय गं ह्याला." मी म्हटलं, चोचले आहेत. पण दोन घोट घेऊन ती थांबायला लागली, आणि अशा उन्हात गरोदर बाई तहानलेली ठेवायची कशी? म्हणून मी ओढ्याने वर चालत गेले, झऱ्यात कुठून काय येतंय ते बघायला. फार लांब जावं लागलं नाही. मसणवाट्याच्या खाली माणसं मेलेल्यांच्या वाकळा, घोंगडी, लुगडी धूत होती. ते पाणी वाळूत मुरत मुरत आमच्या झऱ्याकडेच येत होतं. मी धावत घरी आले आणि सासऱ्यांना सांगितलं.

ते पत्रावळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ओढा वाहतोय. त्याला कशाचा इटाळ?"

"मामा, तिला तेवढं बारवेचं आणून देते. घरातल्या घरात. कुणाला कळायचं न्हाय."

"गावाला मी न्हाय म्हणून सांगितलंय. आन् माझ्याच घरात ते पाणी?" मग पुढचं पान उचलत म्हणाले, "देव बघतोय की."

मला त्या दिवशी देवाचा राग आला. तो बघत होता तर ओढ्याकडे का बघत नव्हता?

दुपारी सासरे देवळात टेकले तेव्हा मी बेलाच्या टोपलीत तांब्या लपवला आणि मागच्या दाराने बारवेत उतरले. उतरले आणि थबकले. महारवाड्यातल्या बायका पार पाण्यापर्यंत पायऱ्यांवर उभ्या होत्या. गावातलं कुणी बारवेवर येत नव्हतं, म्हणजे त्यांना वाढायलाही कुणी येत नव्हतं. औषधवाल्याने त्यांच्या वाड्यात जाऊन सांगितलं होतं की तुम्ही तरी घ्या, ते पाणी चांगलं आहे. तहान लागलेलं माणूस किती दिवस कठड्यावर बसणार? त्या उतरल्या होत्या. मला बघून सगळ्या मागे सरल्या, एकीचं मडकं निसटून फुटलं. म्हातारी तेवढी जागची हलली नाही. तिला हलायला दमच नव्हता. ती म्हणाली, "कुणाला सांगू नगंस, माय."

"न्हाय सांगत. तुमीबी सांगू नगा," मी म्हटलं. तांब्या बुडवला आणि तिथंच घटाघट प्याले. किंचित तुरट लागलं, बाकी काही नाही. मग बहिणीसाठी भरला.

मागच्या दारात ती उभी होती. उन्हाला हात आडवा धरून बघत होती.

मी तांब्या पुढे केला. ती मागे सरकली. पाण्याच्या रंगाला ती भ्यायली नव्हती. रंग तिला चालला असता, तिनेच दोनदा मला म्हटलं होतं की लाल तर लाल, आण. ती म्हणाली, "त्या उतरल्यात तितं. मी बगितलं."

"उतरू देत की. पाणी तेच हाय."

"तेच कसं? त्येंनी हात लावलाय."

मी तिला समजावलं, रागावले, पोटातल्या लेकराची शपथ घातली. ती रडली, पण तांब्याला शिवली नाही. शेवटी तिने माझा हात झटकला, तांब्या पडला आणि तुळशीच्या बुंध्यात ते पाणी मुरलं. मग ती आत गेली, घडवंचीवरच्या घागरीतलं झऱ्याचं पाणी घेतलं, नाक दाबलं आणि प्याली. मी बघत उभी राहिले. कुणी अडवायला नव्हतं, कुणी जबरदस्ती करत नव्हतं. सासरे तर देवळात झोपले होते. पडक्या कुसाचा तो ढिगारा माझ्या बहिणीच्या आत मात्र अजून चांगला बुरुजासकट उभा होता.

दोन दिवसांनी तिला लागली, ती सकाळच्या वेळी. दुपार होईतो तिचे डोळे खोल गेले, हाताची बोटं सुरकुतली, आवाज बसला. सासरे अंगारा लावून देवळात जाऊन बसले आणि घंटा वाजवत राहिले. मी तिच्या पायात येणारे गोळे चोळत होते. पोटातलं लेकरू आधी हलत होतं, मग हलायचं थांबलं. ते तिलाही कळलं असावं, कारण तिने माझा हात पोटावरून उचलून बाजूला ठेवला. ती फक्त पाणी मागत होती. झऱ्याचं दिलं की ओकून टाकत होती. मग तिने मला खाली वाकायची खूण केली आणि कानाशी म्हणाली, "अक्का, ते लाल दे."

मी धावले. पायऱ्या उतरताना घाईत माझा पाय सटकला आणि तांब्या गडगडत खाली गेला. खाली पाण्याशी उभ्या म्हातारीने तो उचलला, भरला आणि माझ्या हातात दिला. मी तो तिच्याच हातचा तसा आणला. बहिणीने तो दोन्ही हातांनी धरला. तिने दारातून सगळं बघितलं होतं की नाही, मला माहीत नाही. घोट घोट घेत तांब्या संपवला, ओठांवरून जीभ फिरवली आणि रिकामा तांब्या पुन्हा माझ्यापुढे धरला.

सासरे तेव्हा दारात आले होते. त्यांनी सगळं बघितलं. मला वाटलं आता माझ्या अंगावर येतात. ते बाजूला झाले आणि मला वाट दिली. मी दुसरा तांब्या भरून आणला तेव्हा ते तिच्या उशाशी बसून तिच्या तोंडात तीर्थाची पळी सोडत होते आणि ते तीर्थ गालावरून ओघळत होतं.

तिलाही ओढ्याने वरच नेलं. तिचं लुगडंही तिथंच धुतलं.

पाऊस पडल्यावर बाई गेली. गाव मोजायला बसलं तेव्हा लक्षात आलं की महारवाड्यात फार थोडी माणसं दगावली होती. तिथल्या बायका बारवेत उतरल्याचंही एव्हाना गावभर झालं होतं. ह्याचा अर्थ कुणालाही लावता आला असता. गावाने असा लावला की त्यांनी बारव बाटवली म्हणूनच देवी आपल्यावर कोपली. चावडीपुढे सगळे जमले. बारव शुद्ध कशी करायची, म्हणून सासऱ्यांना विचारलं. मी बायकांच्या मागे उभी होते. ज्यांनी माझ्या बहिणीला ते पाणी पिताना बघितलं, ज्यांनी मला वाट दिली, ते आता काय बोलतात म्हणून मी जीव मुठीत धरून ऐकत होते. ते म्हणाले की गोमूत्र टाकून उपसा, अभिषेक करा आणि महारवाड्याला कठड्यापाशीही येऊ देऊ नका. आवाज जरासुद्धा हलला नाही. मग बारवेभोवती काटेरी कुंपण आलं. म्हातारी त्या कुंपणाबाहेर मडकं मांडून बसायला लागली. पाणी आता काट्यांवरून वाढायचं, म्हणजे आणखी उंचावरून. मी वाढायचे. तिची पोरं पुढे सोलापूरला गिरणीत गेली, ती गावातच मेली.

रस्ते उघडल्यावर अव्वाची गाडी आली. तिला आधीच कळलं होतं, तरी आली. ओट्यावर बसल्या बसल्या तिने पहिलं हेच विचारलं की शेवटी पोरीच्या तोंडात पाणी कुणी घातलं. सासरे म्हणाले, "मी घातलं, विहीणबाई. देवाचं तीर्थ. निर्मळ गेली." अव्वाने त्यांना हात जोडले.

मी तिला चुलीपाशी नेलं आणि खरं ते सांगितलं. बारवेचं लाल पाणी, म्हातारीच्या हातचं. अव्वाही गुरवाचीच बाई होती, देवळात जन्म गेलेली. मला वाटलं, आता ती कपाळ बडवून घेईल, मला शिव्या देईल. तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"पोटभर प्याली का?" तिने विचारलं.

दुसरा तांब्या मी आणला तो तसाच भरलेला राहिला होता. मी व्हय म्हणाले.